चिंगीचे बूट आणि बिबटेसाहेबांचा परदेश

एका जंगलात गिरजाबाई नावाची हरिणी राहत होती. एकदा ती वनदेवीसमोर उभी राहून नवस बोलली होती, की माझ्या चिंगीला पहिल्या नंबरानं पास कर, मी कोवळी पालवी तोंडाला लावणार नाही.

मुलांनो, हरिणीनं पालवी सोडायची म्हणजे तुम्ही वैशाखात आंबा सोडण्यासारखं आहे. चैत्रात सगळं जंगल पोपटी व्हायचं. आयाबाया मिटक्या मारत चरायच्या. गिरजाबाई आपली बाजूला उभी राहून जून, चिवट पानं चघळायची. कोणी आग्रह केला तर म्हणायची, "नको गं बाई, वसा आहे." दाढा दुखायच्या, पण चेहरा प्रसन्न असायचा.

देवीनं नवस ऐकला. सगळी पंचाईत तिथंच झाली.

पण ते पुढं. आधी त्या जंगलातली एक रीत ऐका. ज्याला बिबट्या दिसेल त्यानं पुढचा खूर दगडावर तीनदा आपटायचा. ठक, ठक, ठक. तो ठोका कानावर पडला की बाकीच्यांनी पळायचं. कोणी आपटला, कशाला आपटला, असं विचारत बसायचं नाही. सांबर पाटलांच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक चालू असताना ठोका पडला होता. नवरा एका दिशेला पळाला, नवरी दुसऱ्या, भटजी तिसऱ्या. तासाभरानं सगळे परत आले, उरलेल्या अक्षता टाकल्या आणि पंगती बसल्या. कोणी कोणावर रुसलं नाही. बिबट्या तेवढा उपाशी राहिला.

असे ते अडाणी दिवस होते.

मग जंगलात फॅशनचं महाविद्यालय निघालं.

प्राचार्य होते करकोचे सर. करकोचा म्हणजे लांब पायांचा पक्षी. सर दिवसभर तळ्यात एका पायावर उभे असत. दुसरा पाय पोटाशी धरलेला. त्यामुळं पायांचा एवढा विचार दुसऱ्या कोणी केलेला नसणार, असं सगळ्यांना वाटे. सर बोलत कमी आणि मान जास्त हलवत. विद्वत्तेला आणखी काय लागतं?

चिंगीनं तिथं नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी नाव बदललं.

"आई, मला आता चिंगारी म्हणायचं."

"का गं? चिंगी काय वाईट आहे?"

"चिंगीला व्यक्तिमत्त्व नाही."

व्यक्तिमत्त्व म्हणजे काय, ते गिरजाबाईला ठाऊक नव्हतं. एखादा आजार असावा. नाही म्हणतेय ते बरंच आहे, असं वाटून तिनं देवीला मनातल्या मनात हात जोडले.

सरांनी पहिला धडा दिला. "पाय ही मुळात अपुरी वस्तू आहे," ते म्हणाले. "आणि खूर तर फारच मिळमिळीत. सगळ्यांचा एकसारखा! तुम्ही कोण आहात ते तुमच्या पायात दिसलं पाहिजे. लांबून दिसलं पाहिजे. आणि बघणाऱ्याला थोडा त्रास झाला पाहिजे."

त्या दिवसापासून चिंगीच्या पायांचे भोग सुरू झाले.

आधी तिनं पळसाच्या फुलांचे बूट केले. लालभडक, गुडघ्यापर्यंत. सगळा वर्ग बघत राहिला. मग वर्गाला भूक लागली, आणि शेजारच्या मुलीनं डावा बूट खाल्ला. उजवा चिंगीनं स्वतःच खाल्ला. एकटा ठेवून काय करायचा?

मग तिनं साळिंदराच्या गळून पडलेल्या काट्यांचे बूट केले. सर म्हणाले, "धाडस आहे." खरंच होतं. हरीण पाय पोटाशी दुमडून बसतं, हे चिंगी विसरली होती. तीन दिवस ती उभ्यानं जेवली, उभ्यानं झोपली आणि उभ्यानंच रडली.

तिसऱ्या वेळी मात्र तिला सूर सापडला. तळ जाड वेळूच्या पेरांचे, वीतभर उंच. त्यावर गोगलगायींचे शंख. शंखांवर मोरानं टाकलेली पिसं. आणि हे सगळं पायाला बांधून ठेवायला गुळवेलीचे सात वेढे आणि सात निरगाठी. घालायला सकाळ लागायची, काढायला दुपार.

"आई, कशी दिसते?"

गिरजाबाईनं डोळे भरून पाहिलं. लेक उंच दिसत होती. चार झाडांमध्ये उठून दिसत होती. "छान दिसतेस गं," ती म्हणाली. "पण यात पळता येईल का?"

"आई! हे चालायचेसुद्धा बूट नाहीत. हे उभं राहायचे आहेत."

तरी तिला महाविद्यालयात जायला चालावं लागलंच. ती ओढ्याच्या दगडांवरून निघाली. ठक, ठक, ठक.

सगळं जंगल पळालं.

दमून सगळे परतले, तोवर ती मधल्या सुट्टीत पाणी प्यायला निघाली. ठक, ठक, ठक. पुन्हा सगळे पळाले. पुढं पाटलांच्या धाकट्या मुलीनं तसलेच बूट केले, मग तिच्या मैत्रिणीनं केले. आता जंगलाला घास गिळायची फुरसत राहिली नाही.

शेवटी पाणवठ्यावर सभा भरली. सगळे धापा टाकतच आले. सांबर पाटील झाडाला टेकून बसले.

"सकाळपासून नऊ वेळा पळालो," ते म्हणाले. "माझं वय काय, मी पळतोय किती!"

शेजारची सशीणवहिनी म्हणाली, "मी तर घाईत भलत्याच्याच बिळात शिरले. त्यांच्याकडे मुलगी बघायला पाहुणे आले होते. मलाच सगळं विचारत बसले, स्वयंपाक येतो का म्हणून!"

गिरजाबाई खाली मान घालून पुढं आली. "पोरीचं चुकलं," ती म्हणाली. "आजच्या आज काढायला लावते."

करकोचे सरांनी मान उंच केली. "कलेला पायातून काढणार तुम्ही? गिरजाबाई, दोष बुटांचा नाही. दोष ठोक्याचा आहे. सुधारलेल्या जंगलात कोणी आवाज ऐकून पळतं का? आधी थांबावं. मान वळवावी. बूट कोणाचे ते विचारावं, दोन शब्द कौतुकाचे बोलावेत. मग वाटलंच, तर पळावं."

पाटलांच्या दोन्ही सुनांनी मागं एकमेकींना ढोसलं. त्यांनी चिंगीला आपापले बूट आधीच सांगून ठेवले होते.

"पण सर," गिरजाबाई चाचरत म्हणाली, "खरंच बिबट्या आला तर?"

"तर त्याचेही बूट बघू!" थोरली सून म्हणाली.

सगळी सभा खदखदा हसली. त्या हसण्यातच ठराव पास झाला. यापुढं ठोका ऐकून पळणाऱ्याला मागासलेला समजावं.

वरच्या कड्यावर बसून बिबट्या हे ऐकत होता. तो एकटाच हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आठ दिवसांत महाविद्यालयाला आश्रयदाता मिळाला. कालपर्यंत जो बिबट्या होता, तो आता बिबटेसाहेब झाला. साहेबांना कलेची फार जाण होती. बुटांच्या बाबतीत ते दोनच सूचना करायचे. तळ अजून जड हवा, आणि वेढे अजून घट्ट हवेत. "पाय हलला की कारागिरी झाकली जाते," ते म्हणायचे. करकोचे सर ते वाक्य भिंतीवर लिहून घ्यायचे.

साहेब अधूनमधून पाहुणे म्हणून व्याख्यानाला येत. व्याख्यान संपलं की हजेरीत एक नाव कमी भरायचं. सर त्यापुढं 'गैरहजर' लिहायचे. शिस्तीचे होते ते.

शिवाय साहेबांनी दर वर्षीची एक स्पर्धा सुरू केली. जो पहिला येईल त्याला परदेशी शिष्यवृत्ती. साहेब स्वतः त्याला टेकडीपलीकडं सोडायला जात. पहिल्या वर्षी सशीणवहिनीचा ससुल्या गेला. मग एक चौशिंगा गेला. मग एक नीलगाय गेली. परत कोणीच आलं नाही.

परदेशी गेलेली मुलं परत येतच नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. आईबापांना त्याचा अभिमान वाटायचा. साहेब मोठ्या मनाचे. ते प्रत्येकाचे बूट घरी आठवणीनं पाठवून देत.

चिंगी शेवटच्या वर्षाला आली. तिचे बूट आता दीड वीत झाले होते आणि वेढे अकरा. यंदा पहिला नंबर तिचाच, असं पानापानाला ठाऊक होतं. गिरजाबाईच्या आनंदाला पारावार नव्हता. ही बातमी सांगायला ती सशीणवहिनीकडं गेली.

वहिनीनं तिला ससुल्याचे बूट दाखवले. बिळात शिरताच समोर दिसतील असे मांडले होते. रोज पुसून चकचकीत ठेवले होते.

गिरजाबाई कौतुकानं जवळ गेली. आणि वाकून एकेक वेढा निरखू लागली.

"वहिनी, गाठी तशाच आहेत."

"मग?"

"सगळ्या निरगाठी जशाच्या तशा आहेत. एकही सोडलेली नाही. मग पाय बाहेर कसा आला?"

वहिनीनं फडक्यानं बूट पुन्हा पुसला. "परदेशात सोयी असतात, गिरजाबाई," ती म्हणाली. "आपल्यासारखं नसतं तिथं."

गिरजाबाई घरी कशी पोचली, तिचं तिला कळलं नाही.

"चिंगे, ते बूट काढ. स्पर्धेला जाऊ नकोस."

"आई, गेली तीन वर्षं तू पहिल्या नंबरासाठी जून पानं चघळतेस. आणि आता येतोय तर नको?"

"अगं, तो बिबट्या आहे!"

"साहेब आहेत ते. तू कधी त्यांचं व्याख्यान ऐकलंयस?" चिंगीनं आईच्या पायांकडं पाहिलं. "तू आयुष्यभर एकच खूर घालून फिरलीस. तुला काय कळणार?"

ते बोलणं गिरजाबाईच्या जिव्हारी लागलं. पण लेकीवर रागवायला वेळ नव्हता. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती, आणि पोरीला पहिलं आणायचं तिनं देवीला सांगून ठेवलं होतं. देवीला आता नाही कसं म्हणायचं?

मुलांनो, तुमच्या आजीला विचारा. नवस बोलता येतो, फेडता येतो. परत घ्यायची सोय कोणत्याच पोथीत नाही. गिरजाबाईनं रात्रंदिवस विचार केला आणि तिला एकच वाट दिसली. नवस मोडायचा. देवी रागावली पाहिजे. देवी रागावली की लेक नापास होईल.

ती देवळासमोरच्या झाडाखाली गेली, देवीला दिसेल अशी उभी राहिली आणि पालवीचा पहिला घास तोडला. तोंडात घेताच तिला रडू फुटलं. तीन वर्षांनी ती चव लागत होती. पाप करतेय म्हणून ती रडत होती, आणि पालवी गोड लागतेय म्हणून आणखी रडत होती. "आई, कोप कर गं," असं म्हणत म्हणत तिनं अख्खी फांदी संपवली. मग रोजच सकाळ-संध्याकाळ असं पाप चाललं. पंधरा दिवसांत तिच्या अंगावर तेज आलं, बरगड्या दिसेनाशा झाल्या. साळकाया-माळकाया म्हणायला लागल्या, "लेक परदेशी जाणार, आईला मानवतंय हो!"

देवी काही कोपली नाही. तिला बहुधा ते खाणं बघायला बरं वाटत असावं.

स्पर्धेच्या दिवशी मोठ्या खडकाभोवती सगळं जंगल जमलं. साहेब मधोमध बसले होते. अंग सुटलं होतं त्यांचं. तीन वर्षांत त्यांना एकदाही धावावं लागलं नव्हतं. चिंगी खडकावर आली. दोन बाजूंनी दोघींनी धरून आणली, कारण अकरा वेढ्यांत गुडघा वाकत नव्हता. ती मधोमध उभी राहिली, आणि खरंच, काय दिसत होती! टाळ्यांचा कडकडाट झाला.

साहेबांनी निकाल द्यायला वेळ लावला नाही. "पहिला क्रमांक, चिंगारी," ते म्हणाले, आणि ओठांवरून जीभ फिरवली. "आपण लगेच निघू."

तेवढ्यात खडकावर ठोका पडला. ठक, ठक, ठक.

गिरजाबाई वर चढून आली होती. जीव खाऊन खूर आपटत होती. ठक, ठक, ठक. "पळा!" ती ओरडत होती. "अरे, पळा!"

कोणी पळालं नाही. सगळे शहाणे झाले होते. सगळ्यांनी शांतपणे माना वळवल्या आणि तिच्या पायांकडं पाहिलं.

"बूट कोणाचे आहेत?" थोरल्या सुनेनं विचारलं.

"बूटच नाहीत!" धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी करकोचे सरांकडं पाहिलं. करकोचे सर गोंधळले. हे नवीन आहे की जुनं, ते त्यांना ठरवता येईना. पण आपण मागं पडलो असं कोणाला वाटायला नको. म्हणून त्यांनी मान डोलवली. "अनवाणी!" ते हळूच म्हणाले. "केवढं धाडस! बुटांचा अभाव हाच बूट!"

मग काय! अख्ख्या जंगलानं टाळ्या पिटल्या. पाटील तर उभे राहिले. गिरजाबाई ओरडत होती, "पळा, मूर्खांनो!" आणि लोक एकमेकांना म्हणत होते, "आवाजसुद्धा किती खरा लावलाय!"

साहेबांनी लेकीकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं. लेक अभ्यासानं वाळली होती. आई पंधरा दिवस पालवी खाऊन छान भरली होती. "कलेत वशिला चालत नाही," साहेब म्हणाले. "पहिला क्रमांक गिरजाबाई."

चिंगीनं आईकडं असं पाहिलं, की बिबट्याचे दात परवडले. "माझा नंबर घेतलास," एवढंच ती म्हणाली.

पोर खडकावर राहतेय, हे गिरजाबाईला पुरेसं होतं. ती मुकाट्यानं साहेबांच्या पुढं चालू लागली.

परदेश टेकडीच्या लगेच पलीकडं निघाला. एक गुहा होती. दाराशी हाडं पडली होती, लहान-मोठी. साहेबांनी नेहमीप्रमाणं सावकाश पंजा उचलला. घाई करायची त्यांची सवय मोडली होती. पंजा पाठीवर पडला, तशी गिरजाबाईनं मागच्या दोन्ही पायांनी त्यांच्या हनुवटीवर लाथ घातली आणि ती सुटली. साहेब मागं धावले. दहा उड्यांत त्यांना धाप लागली. पंधराव्या उडीला ते बसले. एवढी शिष्यवृत्ती पचवल्यावर कोण धावणार?

दुपार टळायच्या आत गिरजाबाई पाणवठ्यावर परत आली. पाठीवर चार लांब ओरखडे, तोंडाला फेस.

"परत आली?" पाटील म्हणाले. त्यांना तिच्याबद्दल वाईट वाटलं. "जमलं नाही वाटतं. वय असतं एकेका गोष्टीचं."

"अहो, तिथं परदेश नाही! हाडं आहेत नुसती!"

करकोचे सरांनी नाक वर केलं. "नापास झालेली मुलं संस्थेलाच नावं ठेवतात," ते म्हणाले.

सशीणवहिनी गर्दीतून पुढं आली. तिनं गिरजाबाईला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "माझा ससुल्या भेटला का हो?"

गिरजाबाईनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. खोटं बोलायचं असं तिच्या मनात आलं होतं, पण तिला जमलं नाही. तिनं नुसती मान हलवली. नाही.

वहिनीचे कान ताठ झाले. "मोठं जंगल असेल तिकडं," ती म्हणाली. "सगळेच कसे भेटतील?" आणि मग एकदम किंचाळली, "जळता तुम्ही! तुमचीला नाही ना मिळालं!" ती तरातरा बिळात गेली. आतून बूट पुसल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

चिंगी घरी भिंतीकडं तोंड करून उभी होती. बसता येत नव्हतं.

"कुठं होतीस?" तिनं रागानंच विचारलं.

"परदेशात," गिरजाबाई म्हणाली, आणि पाणी प्यायला वळली.

तेव्हा चिंगीला आईची पाठ दिसली. चार ओरखडे, लांबच्या लांब, अजून ओले.

मग खाली वाकून तिनं पहिल्या निरगाठीला दात लावले. दुसरा पाय आईनं घेतला. अकरा वेढे सुटायला सूर्य मावळला. शेवटचा बूट गळून पडला, तेव्हा चिंगीला आपलेच पाय ओळखू येईनात. बारीक, पांढरे पडलेले. तिनं एक पाऊल टाकलं आणि ती पडली. उठली. पुन्हा पडली. आठ दिवसांनी ती ओढा ओलांडून पळाली. गिरजाबाईनं ते बघितलं आणि देवीसमोर जाऊन नवस मोडल्याची क्षमा मागितली. पालवी मात्र पुन्हा सोडली नाही.

चिंगी त्या वर्षी नापास झाली. बुटांशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. पाटलांच्या सुना तिला बघून तोंडाला पदर लावतात. करकोचे सरांनी यंदा नवीन बूट काढलेत. मातीचे आहेत, भाजलेले, हुबेहूब अनवाणी खुरासारखे दिसतात. वजन दीड शेर. साहेबांना फार आवडलेत.

तात्पर्य : ज्याचे बूट घरी येतात तो जंगलाचं नाव काढतो, जो स्वतः घरी येतो तो नापास. आईबापांनी मुलांच्या बुटांवर धूळ बसू देऊ नये, आणि गाठींकडं फार निरखून पाहू नये. एवढं सांभाळलं की अभिमानाला धक्का नाही. पण बाळांनो, तुम्ही अजून लहान आहात, तुम्हाला अभिमानाची घाई नाही. म्हणून तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे, की चिंगी झाली तसे तुम्हीही एकदा मनापासून नापास व्हा, आणि दिवेलागणीच्या आत घरी या.